नॉमिनेशन, बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

"सगळीकडे नॉमिनी म्हणून हिचंच नाव आहे, मग मृत्युपत्र कशाला?" हा प्रश्न इतक्यांदा कानावर पडतो की आधी त्याचाच निकाल लावू. बँकेनं किंवा सोसायटीनं कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशननं ठरतं. मालक कोण, हे ठरत नाही. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हे साफ सांगितलं. फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्रात सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, वारस ठरेपर्यंत. नॉमिनी लावाच, पैसे लवकर हातात पडतात. पण वाटणी त्यानं होत नाही.

मृत्युपत्र नसलं की वाटणी कायदा करतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या मागे बायको, मुलगा, मुलगी आणि आई, प्रत्येकी एक हिस्सा. हो, आईसुद्धा. तिशीतल्या नवऱ्याच्या नावावर फ्लॅट, पदरात एक लहान मुलगी, आणि तो अचानक गेला, तर बायकोच्या वाट्याला एक-तृतीयांश. मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असेपर्यंत तिचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी. सासूबाई कितीही भल्या असोत, त्यांच्या पश्चात त्या हिश्श्यात दीर-नणंदाही येतात. मग हक्कसोडपत्रासाठी एकेकाच्या पाया पडायचं. बायकांच्या बाबतीत तर कायदा अजबच आहे. नवरा हयात नाही, मूलबाळ नाही, अशा बाईची स्वकष्टाची कमाई तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. या एका कारणासाठी तरी कमावत्या बाईनं मृत्युपत्र करायला पन्नाशीची वाट बघू नये.

खरी ओढाताण असते ती बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांच्यात. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलामुलीला, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर काही ठिकाणी स्थानिक अधिभार. म्हणून "काका, आत्ताच करून टाका" असा सल्ला पटकन मिळतो. पण नोंदणी झाली की त्याच दिवशी घर तुमचं राहत नाही, आणि मन बदललं म्हणून परत मागता येत नाही. सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता यावं म्हणून २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, पण सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिली नसेल तर तिथंही झगडावं लागतं. मृत्युपत्राला मुद्रांक नाही, नोंदणीची सक्ती नाही. हयातीत सगळं तुमच्याच नावावर, आणि हवं तितक्यांदा बदला, शेवटचं ते खरं. त्याची लंगडी बाजूही आहे: वाद झाला तर खुलासा करायला लिहिणारा नसतो. माझं मत विचाराल तर दुसरं राहतं घर आणि पेन्शन असेल तरच बक्षीसपत्र, नाहीतर मृत्युपत्र.

लिहायला वकीलच लागतो असं नाही. तुमची सही, आणि ती होताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार तुमच्याहून तरुण बघा. मजकूर मात्र नेमका हवा. आमच्या आत्यानं वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "माझ्या पाटल्या सुनांना द्याव्यात." पाटल्या दोन, सुना तीन. धाकटी सून अजून त्या घरी पाण्यालाही थांबत नाही. फ्लॅटचा नंबर, खात्याचे शेवटचे चार आकडे, दागिन्याचं वजन, आणि "उरलेलं सगळं अमक्याला" हे वाक्य लिहाच. मुलं लहान असतील तर त्यांना कोणी सांभाळायचं तेही लिहा.

गोव्यात यातलं बरंच लागू नाही. तिथं मुलं असतील तर साधारण निम्मीच मिळकत मनाप्रमाणे देता येते, आणि बक्षीसपत्र करूनही ही मर्यादा चुकवता येत नाही. मुस्लिम कायद्यात साधारण एक-तृतीयांशाची मर्यादा आहे. अशांनी आधी जाणकाराला गाठावं.

आणि मूळ प्रत एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर कोण उघडणार, यावरूनच आधी कागदपत्रं मागतात. कपाटात ठेवा, आणि कुठल्या कप्प्यात आहे ते दोघांना सांगून ठेवा.