अडतीस हजार मतांचा साउंडबार आणि आमची कौलारू माडी : सात महिन्यांनंतर

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, गुढीपाडव्याला घरात आला आणि हे लिहितोय वसुबारसेला. मधे एक पावसाळा गेला, एक गणपती गेला, चौथ्या महिन्यात सबवूफर (त्याच्या जोडीची, बेस वाजवणारी वेगळी पेटी) मेला आणि बदलूनही आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. सांगायचंय ते ऑनलाइन विक्रीच्या पानावर त्याला मिळालेल्या ४.३ ताऱ्यांबद्दल, आणि ते तारे आता सगळ्याच कंपन्यांच्या माथ्यावर दिसतात. मी घेतला तेव्हा ३८ हजारांवर लोकांनी मत दिलेलं होतं. एवढ्या मतांत आमच्याकडं नगरसेवक किती निवडून येतील, हिशेब करा. मी केला नाही. साडेएकवीस हजार भरले आणि मोकळा झालो.

आधी खोली सांगतो, कारण निम्मी गोष्ट खोलीचीच आहे. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, जुनं. खाली भाऊ राहतो, माडीवर आम्ही. माडी दहा बाय बारा, वर मंगलोरी कौलं, सागवानी वासे, रस्त्याच्या बाजूला दोन खिडक्या. टीव्ही ४३ इंची.

बारच्या दोन्ही टोकांना आभाळाकडं तोंड केलेले दोन छोटे स्पीकर आहेत. ते डॉल्बी ॲटमॉससाठी, म्हणजे आवाज डोक्यावरूनही यावा या तंत्रासाठी. हे तंत्र थिएटरात आलं २०१२ ला, घरातल्या यंत्रांत २०१४ पासून. थिएटरात छताला खरेखुरे स्पीकर टांगलेले असतात. घरी एवढा खटाटोप कोण करणार, म्हणून आवाज वर फेकायचा, सपाट छतावर आपटवायचा आणि तो खाली आला की हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये ही युक्ती बऱ्यापैकी चालते. रुईकर कॉलनीत मेव्हण्याकडं हाच बार लावून बघितला, तिथं खरंच आवाज वर चढला. आमच्या छताला ना सपाटी ना गिलावा. दोन्ही बाजूंनी उतार. वर फेकलेला आवाज वाशांत अडकतो नाहीतर भलत्याच भिंतीला लागतो. ॲटमॉसचा काय लाभ व्हायचा तो आढ्याला घरटं केलेल्या चिमण्यांना झाला. जुलैत कौलांवर पाऊस धरला की फोनमधलं आवाज मोजायचं ॲप खुर्चीपाशी पासष्ट डेसिबल दाखवायचं, आणि तेव्हा टीव्ही बंद! मग हेलिकॉप्टर कुठलं आणि काय.

त्या ३८ हजारांत कौलाखाली राहणारे किती असतील? मत देताना छत कुठलं, हे कुणी विचारत नाही.

खोलीनं दुसरा दणका दिला तो बेसचा. मतं वाचाल तर ‘बेस जबरदस्त’, ‘भिंती हलल्या’ हेच पानोपानी. आमच्याही हलल्या. पण एकाच सुराला. गाणं कुठलंही असो, ठराविक जागी ढूंऽऽ असा एकच आवाज फुगायचा आणि बाकीचा बेस गायब. कारण साधं आहे. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ३४३ ला ३.६६ च्या दुपटीनं भागा, ४७ येतात. म्हणजे ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला ४७ कंपनांच्या) आसपास खोली स्वतःच घुमते, आणि सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तिला आणखी चेव चढतो. उपाय जुनाच आहे : सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, बेसचं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथं बेस एकसारखा ऐकू येईल तिथं सबवूफरची जागा. मी रांगलो. पोरानं व्हिडिओ काढला. आई दारात येऊन बघून गेली आणि बायकोला म्हणाली, “ह्याला आता काय झालं?” सबवूफर शेवटी खिडकीखाली, देव्हाऱ्यापासून हातभर लांब बसला आणि ढूंऽऽ निम्म्यावर आलं. हे खोक्यातल्या पुस्तिकेत नाही, मतांत तर नाहीच. कोपऱ्यात ठेवून भिंती हलल्या की पाच तारे.

तसं दणक्याला मत द्यायची सवय आपल्याला बाहेरूनच लागलेली आहे. विसर्जनाला महाद्वार रोडला उभं राहा. कुणाची सिस्टीम भारी याचा निकाल तिथं छातीत लागतो. ज्याच्या ट्रॉलीपुढं शर्ट थरथरला तो मानकरी. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सन २००० च्या नियमांत लिहिलेली आहे, पण ती राहू दे. मुद्दा असा की मोठा तोच चांगला, हे कानाला कुणी शिकवावं लागत नाही. दोन स्पीकर एकामागून एक ऐकवले आणि त्यातला एक किंचित मोठा असला, तर माणूस त्यालाच ‘स्वच्छ’ म्हणतो. मोठा आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

वॅटचीही तीच गंमत. आमच्या लहानपणी डेकवर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, लिहिलेलं असायचं, हजार, दोन हजार, मनाला येईल तो आकडा. पीएमपीओ गेलं, हौस राहिली. या बारच्या खोक्यावर ४०० वॅट छापलंय, मागच्या स्टिकरवर वीज खाण्याचा आकडा ६०. हे अगदीच खोटं नव्हे. संगीत काही सतत पूर्ण ताकदीनं वाजत नसतं, त्यामुळं स्टिकरवरचा आकडा सरासरीचा. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ३०० वॅटवाल्याला मागं टाकून मी ४०० वाला घेतला तेव्हा नक्की काय जास्त घेतलं? सव्वा डेसिबल.

आता मत कधी घेतात ते बघा. खोकं आलं, तिसऱ्या दिवशी फोन वाजला : आपला अनुभव कसा वाटला? तिसऱ्या दिवशी वाईट कुणाला वाटतं हो? टीव्हीच्या पाठीतल्या पत्र्याच्या आवाजातून उठून आलेल्या माणसाला काहीही लावा, स्वर्गच. खोक्यात एक चिठ्ठीही होती, पाच तारे देऊन स्क्रीनशॉट पाठवा, दोनशे रुपये परत. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक. दोनशे रुपये मी घेतले नाहीत. पाच तारे मात्र दिले, फुकटात. ‘घरात थिएटर आलं’ असं लिहिलं वर.

थिएटर टिकलं तीन महिने. मग लाईट गेली-आली की टीव्ही आणि बार एकमेकांना ओळखेनात. एचडीएमआयच्या एआरसी वाटेनं टीव्हीचा आवाज बारमध्ये येतो. ती वाट तुटली की आवाज पुन्हा पत्र्यात. उपाय : दोन्ही प्लग काढायचे, अर्धा मिनिट थांबायचं, आधी टीव्ही, मग बार. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. चौथ्या महिन्यात सबवूफरमधनं नुसती घूं सुरू झाली, टीव्ही बंद असतानाही. तक्रार केली. माणूस नवव्या दिवशी आला, ऐकलं, फोटो काढला, गेला. बदली सबवूफर आला तेविसाव्या दिवशी. हे सगळं त्या मतांत शोधलं तर सापडतं. ‘चार महिन्यांत सब बंद’ असं लिहिणारे बरेच निघाले, पण त्यांनी ते एकेका ताऱ्याखाली शिव्यांसकट लिहिलेलं. मीच ते ‘कटकटे लोक’ म्हणून वगळलं होतं. वस्तू बिघडते का, याबद्दल गर्दीचं म्हणणं ऐकावं. तिथं कान लागत नाही, बिघडली की बिघडली.

सबवूफर नव्हता त्या तेवीस दिवसांत माळ्यावरचा वडिलांचा जुना जोड खाली काढला. नव्वदच्या सुमाराचे लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, साडेसहा इंची वूफर. वूफरच्या कडेचा फोम बोट लावल्यावर भुगा होऊन हातात आला. लक्ष्मीपुरीत एक काका आहेत, वूफरचा कोन (आतला कागदी शंकू) बदलून देतात. त्यांनी दोन्ही वूफर कोनिंग करून दिले, आणि “ॲम्प्लिफायर कुठला लावतोस?” म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर फळीवरनं एक उतरवला : ५२००-१९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरचा बोर्ड, गोल ट्रान्सफॉर्मर, पुढं तीन नॉब, पत्र्याची पेटी. अंगावर नाव नाही, गाव नाही. सगळं मिळून सात हजारांत झालं. या यंत्राला तारे शून्य, कारण ते मतपत्रिकेवरच नाही.

पहिल्या रात्री जयपूर घराण्याच्या किशोरीताई आमोणकरांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. त्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावात जन्मून मी चाळिशीपर्यंत जयपूर घराणं फक्त फोनवर ऐकलं, हे सांगायला लाज वाटते. तानपुरा मागं आणि आवाज पुढं, दोन्हीमध्ये जागा आहे, हे त्या रात्री कळलं. बारमध्ये तेच ध्वनिमुद्रण म्हणजे तानपुऱ्यात गळा कालवल्यासारखं.

पण हेही माझ्या कानाचंच मत. म्हणून परीक्षा घ्यायची ठरवली. १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी कंपनीतल्याच माणसांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले होते. दिसायला लागल्यावर गुण बदलले. मोठे, देखणे, आपल्याच कंपनीचे स्पीकर वर गेले, आणि पडद्याआड चांगला ठरलेला स्वस्त प्लॅस्टिकचा स्पीकरसंच खाली आला. आमच्याकडं पडदा म्हणून आईची जुनी विरलेली नऊवारी. ऐकणारे सहा : आई, बायको, पोरगा, भाऊ आणि तालमीतले दोन मित्र. बदली सबवूफर तोवर आलेला होता.

पहिल्या फेरीत मुद्दाम काही न मोजता बार थोडा मोठा ठेवला. बारला चार मतं, जोडाला दोन. दुसऱ्या फेरीत दोन्हींवर तीच खरखर लावून खुर्चीपाशी फोन धरला आणि दोघांना ७० डेसिबलवर आणलं. बारला एक, जोडाला पाच. एक मित्र तर म्हणाला, “भावा, हे दुसरं काय लावलंयस? नाद खुळा वाजतंय.” मग नऊवारी काढली. आवाज तोच, काटा तोच, गाणं तेच. बारला तीन, जोडाला तीन. ज्यानं नाद खुळा म्हटलं होतं त्यानं ती पत्र्याची पेटी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “न्हाई, तसा बार बी भारीच हाय की.” सहा जणांची परीक्षा म्हणजे शास्त्र नव्हे, मलाही कळतं. पण पडदा काढल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होता.

तरी गर्दीला मूर्ख म्हणवत नाही, आणि त्याला कारण आई. तिन्ही फेऱ्यांत तिचं मत बारला. दुसऱ्या फेरीतलं ते एकटं मतही तिचंच. विचारलं तर म्हणाली, “मला मालिकेतलं बोलणं कळतंय, आणि तुझ्या त्या पेटीला आधी बटण, मग नॉब, मग दुसरा रिमोट.” बारला टीव्हीचाच रिमोट चालतो आणि आवाज स्पष्ट करायचं एक बटण आहे, ते खरंच काम करतं. तिच्या लेखी चांगलं यंत्र म्हणजे हेच.

व्हीसीआरचंही असंच झालं होतं. सोनीचं बीटामॅक्स आलं १९७५ ला, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ ला. चित्र बीटाचं जरा सरस मानलं जायचं, पण सुरुवातीला त्याच्या कॅसेटवर तासभरच मावायचं, व्हीएचएसवर दोन तास. लोकांनी लांबीला मत दिलं. आमच्या गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे, तेव्हा सिनेमा अध्येमध्ये सारखी कॅसेट न बदलता बघायचा असायचा. चित्राचा बारीक पोत बघायला पंचवीस माणसं अंगणात बसली नव्हती.

सध्या घरात दोन्ही आहेत. संध्याकाळी सात ते दहा बार, दहानंतर पेटी. बार विकणार नाही, पण आज पुन्हा घ्यायचा झाला तर कौलाखाली ॲटमॉसचा घेणार नाही, साधा दोन स्पीकरचा घेईन आणि पाच-सहा हजार वाचवीन. मतं अजूनही वाचतो. फक्त तीन ताऱ्यांची, सहा महिन्यांपेक्षा जुनी, आणि फोटोत खोली दिसत असेल तर आधी छत बघतो.

गेल्या आठवड्यात माझे पाच तारे तीन केले. ‘घरात थिएटर आलं’ पुसून वरचं सगळं थोडक्यात लिहिलं : छत, ४७ हर्ट्झ, लाईट, तेवीस दिवस, आईचं बटण. जुन्या दोन ओळी २१२ लोकांना उपयुक्त वाटल्या होत्या. नव्या मजकुराला काल संध्याकाळपर्यंत दोन. त्यातला एक मेव्हणा.