'युवर्स फेथफुली' की 'युवर्स सिन्सिअरली'?
सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीचा व्यापारी लंडनच्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहितो, किंवा विलिंग्डन कॉलेजातली मुलगी नोकरीसाठी अर्ज करते, तेव्हा सहीच्या वर काय लिहायचं हे पहिल्या ओळीवरच ठरतं. ब्रिटिश पद्धतीत सुरुवात 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' अशी बिननावाची असेल, तर शेवटी 'युवर्स फेथफुली'. 'डिअर मिसेस पाटील' असं आडनाव घेतलं असेल, तर 'युवर्स सिन्सिअरली'.

आपल्याकडे शाळेपासून 'फेथफुली'च हाताला बसलेलं असतं, म्हणून नावानिशी लिहिलेल्या पत्रातही ते येतं आणि पत्र उगाच परकं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: अर्ज कोणाकडे जाणार त्यांचं नाव आधी शोधा आणि 'सिन्सिअरली' लिहा. नाव मिळालंच नाही, तर 'फेथफुली' अगदी योग्य. अमेरिकेत मात्र 'फेथफुली' फारसं चालत नाही. तिथे नुसतं 'सिन्सिअरली' पुरतं.

लिहिताना 'युवर्स'चं पहिलं अक्षर कॅपिटल, पुढच्या शब्दाचं स्मॉल, मग स्वल्पविराम. 'युवर्स'मध्ये 'एस'च्या आधी अपॉस्ट्रॉफी कधीच येत नाही. चांगल्या अर्जातही ही चूक दिसते, तेव्हा फार हळहळ वाटते.