टेनेक्स, आर 50, सेंटर-एक्स की स्टँडर्ड प्लस? 50 मीटरच्या रायफलीचं काडतूस

काडतुसांची महागडी डबी घेतली की दहा गुण आपोआप मिळतात, हा समज आधी काढून टाका. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेतेपद मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) ब्राँझ. म्हणजे 50 मीटरची रायफल कोल्हापूरला नवी नाही. तरी नवा नेमबाज ब्रँड विचारतो, लॉट (एका वेळी बनलेला काडतुसांचा गट) विचारत नाही.

चारही काडतुसं पॉइंट टू-टूची (0.22 इंची), गोळी 40 ग्रेन म्हणजे 2.6 ग्रॅम. वेग सेकंदाला 330 मीटरच्या आसपास, मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी ठेवलेला. जादा वेगाची काडतुसं इथं नकोत. ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते.

आता हिशेब. दहाची रिंग 10.4 मिलिमीटर, गोळी 5.6. कड शिवली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत हवा. वेगात 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर गोळी साधारण 7 मिलिमीटर वर-खाली जाते. म्हणजे त्या 8 मिलिमीटरमधली जवळजवळ सगळी मोकळीक! त्यामुळे गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या, तर पहिला संशय लॉटच्या वेगावर घ्या.

सरावाला एसके स्टँडर्ड प्लस. पैशाच्या मानानं याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. लापुआ सेंटर-एक्स त्याच्याच जर्मनीतल्या शोनेबेकच्या कारखान्यातलं, पण निवडक. ईले कंपनीच्या टेनेक्सची गोळी चपट्या नाकाची, आणि ईलेच्या डबीवर लॉट क्रमांकाशेजारी वेग फुटांत छापलेला असतो. लॉट जुळवताना हे फार उपयोगी पडतं. आरडब्ल्यूएस कंपनीचं आर 50 स्पर्धेच्याच दर्जाचं. पण टेनेक्स आणि आर 50 या दोघांतलं श्रेष्ठ कोणतं, ते तुमची बॅरल ठरवते. न जुळलेल्या टेनेक्सपेक्षा जुळलेलं स्टँडर्ड प्लस बरं, हे ठामपणे सांगतो.

जुळवायचं कसं? चार-पाच लॉटच्या दोन-दोन डब्या घ्या. रायफल पक्की टेकवून प्रत्येकाचे 10-10 गोळ्यांचे चार ग्रुप, म्हणजे एकाच नेमावरचे पुंजके, मारा. ब्रँड बदलला की पहिल्या 15-20 गोळ्या मोजू नका, कारण बॅरलमध्ये आधीच्या मेणाचा थर असतो. सगळ्यात लहान ग्रुपवर भुलू नका, सगळ्यात मोठा बघा. तो, सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून, 16 मिलिमीटरच्या आत राहिला तर परवान्याच्या मर्यादेत त्याच लॉटचा साठा करा. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करून.

दहांत एखादीच गोळी भरकटत असेल तर भरणं तपासा. मॅच चेंबर, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीत काडतूस बसतं ती जागा, घट्ट असतं. काडतूस तिरकं ढकललं की शिसं खरवडतं. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून नेम धरत बसलात तर गोळी वर जाते. काडतूस फुसकं गेलं तर नळी निशाणाकडे ठेवून 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उघडा. वारंवार होत असेल तर काडतुसाला दोष देण्याआधी चेंबरची कड आणि फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) बघा. आणि चांगलं भरलेलं काडतूस न झाडता उगाच ओढून काढू नका. गोळी आतच अडकू शकते नि बारूद बोल्टमध्ये सांडते.

पावसाळ्यात डब्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवाल तर गोळीवरचं मेण वितळून एका बाजूला उतरतं आणि जुळवलेला लॉटही मग विखरायला लागतो.