तब्येत की प्रकृती?

आमच्या इंदूरला मराठी घरांत दोन्ही चालतात, पण जागा वेगळ्या. फोनवर आत्या विचारणार "तब्येत कशी आहे रे?", आणि कुणी प्रकृती विचारली की समजायचं, जरा मोठ्या हुद्द्याचं माणूस आहे. रजेच्या अर्जात मात्र "प्रकृती अस्वास्थ्यामुळे"च लिहायचं.

तब्येत मूळची अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आली, आणि तिच्यात मूडही येतो. व्यायाम करून लोक तब्येत कमावतात, प्रकृती कुणी कमावत नाही. आणि "तब्येतीत" म्हणजे निवांत, मजा घेत घेत, हे तर प्रकृतीला जमतच नाही. थंडीत रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गरमागरम गराडू (तळलेला कंद), वर जीरावन मसाला भुरभुरवलेला, लिंबू पिळलेलं, उभ्याउभ्याच पण तब्येतीत खायचं, शेजारचा हिंदीवालाही "तबियत से" म्हणतो, फक्त त्याच्या तबियतमध्ये कधीकधी एखाद्याची धुलाईपण येते.

प्रकृतीचा पसारा जुना. संस्कृत शब्द, आयुर्वेदात वात-पित्त-कफाची, सांख्य दर्शनात पुरुष या तत्त्वासोबतची, व्याकरणात प्रत्ययाआधीची, म्हणजे शब्दाचं मूळ रूप. त्यामुळे मूळ स्वभाव सांगायला तीच बरी: "व्यक्ती तितक्या प्रकृती". "दही माझ्या प्रकृतीला मानवत नाही" म्हटलं की आयुष्यभराचं वाटतं, तब्येत म्हटलं तर आज सर्दी आहे इतकंच.

एक अडचण आहे. हिंदीत प्रकृति म्हणजे आधी निसर्ग, सो हिंदी शाळेत जाणाऱ्या आमच्या पोरांना "आजोबांची प्रकृती नाजूक आहे" म्हटलं की झाडंच आठवतात.