ट्रस्टच्या शेताचा वार्षिक पास: सगळं बरं, पण हात धुवायचे कुठे?

पास उन्हाळ्याच्या सुट्टीत काढला, आता स्वेटर बाहेर आलेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. ट्रस्टचं नाव मुद्दाम देत नाही. मंडळी भली आहेत, फक्त नळ बसवत नाहीत.

हो, नळ. शेळ्यांचा गोठा मागच्या टोकाला आणि हात धुवायचा नळ पार फाटकाशी, पार्किंगजवळ. त्यातही उंची मोठ्यांची. माझी चार वर्षांची नात पाला भरवते, लेंड्या उचलून बघते (हो, बघते), आणि फाटकापर्यंत येईतो अंगठा तोंडात गेलेला असतो. मध्ये सॅनिटायझरची बाटली टांगलीय. अहो, चिखल-शेणाने माखलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं. शेळ्या-गुरांच्या शेणातून ई. कोलायसारखे जंतू पोटात जाऊ शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका जास्त. ऑफिसात सांगितलं. ‘ट्रस्टींच्या कानावर घालतो.’ अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. पुढे काय झालं? कारंजं बसलं! देणगीदाराच्या पाटीसकट.

चाऱ्याच्या जुडीचे ३० रुपये ही मला आधी लूट वाटायची. घरचे मेथीचे देठ, शिळी पोळी असताना विकत कशाला? पण बाहेरचं आत नेऊ देत नाहीत. गोठ्यावरच्या मावशींनी समजावलं, पोळी-भात, धान्य जास्त झालं की शेळीच्या पोटात आंबतं, पोट फुगतं, प्रसंगी जीव जातो. रविवारच्या गर्दीत प्रत्येकाने एकेक पोळी दिली तर? पटलं. आता निमूट पैसे देते. ज्येष्ठांना सवलत नाही, ते मात्र अजून पटलेलं नाही.

पासचे पैसे वसूल झाले ते श्रावणात. काळी उस्मानाबादी शेळी व्यायली, जुळी. या जातीत जुळी नेहमीचीच, पण आम्ही पोचलो तेव्हा पिल्लं अजून ओली होती. नात एकही प्रश्न न विचारता कुंपणाला चिकटून उभी! शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हेही मावशींनीच नंतर एकदा दाखवलं. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाचे वरचे दात तपासले जातात.

जाणार असाल तर रविवार टाळा, आणि पाण्याची मोठी बाटली, साबणाची वडी घरून न्या. पास पुन्हा काढायचा हे नातीने ठरवलंय. अर्जासोबत मी आमच्या प्लंबरचं कोटेशन जोडणार आहे: एक नळ, एक तोटी, मुलांना उभं राहायला छोटा चौथरा.