लॅपटॉप २.४ ला जोडायचा की ५ ला?

वायफायच्या लिस्टमध्ये आपल्याच राउटरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेपटीला ५जी, आणि लॅपटॉप नक्की कशाला जोडायचा तेच कळत नाही. आधी एक सांगून टाकतो, या ५जी चा मोबाईलच्या ५जी शी काही संबंध नाही, तो फक्त ५ गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा आहे, आणि साधं नाव बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झच्या बँडचं असतं. इंटरनेट दोन्हीकडे तेच, फरक पडतो तो लॅपटॉप ते राउटर एवढ्या टप्प्यात.

मी कित्येक महिने २.४ वरच होतो, कारण काय तर त्याच्या कांड्या फुल दिसायच्या. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायचा, समोरचा माणूस मधेच तोंड उघडं ठेवून थांबायचा आणि मी दर वेळी नेट कंपनीशी भांडायचो. मग एक दिवस लक्षात आलं की मायक्रोवेव्ह सुरू झाला की आवाज फाटतो आणि तो बंद झाल्याची बीप वाजली की सगळं परत नीट! मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे अगदी त्याच पट्ट्यात. ब्लूटूथ तिथेच, बरेचसे वायरलेस माऊस तिथेच, शेजाऱ्यांचे राउटर पण तिथेच, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे बँडमधल्या लेन, धड तीनच, १, ६ आणि ११. कांड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, गर्दी किती आहे ते नाही.

५ वर चॅनल भरपूर आणि रुंद पण. दोन अँटेनावाल्या साध्या वायफाय ५ (म्हणजे ११एसी, वायफायची पाचवी पिढी) लॅपटॉपला तिथे राउटरशी ८६६ एमबीपीएसची लिंक मिळते, २.४ वर त्याआधीच्या पिढीच्या ११एन ला २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर १४४. प्रत्यक्षात साधारण निम्मं हातात येतं, पण फरक जाणवतोच.

५ ची खरी अडचण म्हणजे भिंत. एक भिंत चालते, दोन काँक्रीटच्या आल्या की तो दमतो, तिथे २.४ च बरा, हळू पण टिकून राहतो. त्यामुळे राउटर त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर डोळे झाकून ५ घ्या. त्याहून लांब असाल तर जिथे रोज बसता तिथेच बसून दोन्हीवर स्पीड टेस्ट करा, ५ च्या दोनच कांड्या असल्या तरी बऱ्याचदा तोच पुढे निघतो.

लॅपटॉपला ५ चं नाव दिसतच नसेल तर आतलं वायफाय कार्ड फक्त २.४ चं असू शकतं. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये सध्याचा बँड आणि लिंक स्पीड लिहिलेला असतो, आणि कार्डाच्या माहितीत ११एसी असेल तर ५ नक्की चालणार. ५ चालतच नसेल तर यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल घ्या, पण ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही बँड चालणारा बघूनच, कारण अगदी छोटे डोंगल बऱ्याचदा नुसते २.४ चे असतात. आणि २.४ वरच राहणार असाल तर यूएसबी ३ ची हार्ड डिस्क वायफाय डोंगलच्या अगदी शेजारी लावू नका, तिचा नॉइज नेमका त्या बँडमध्ये घुसतो.

कधी कधी ५ चं नाव मधेच गायब होतं. तो बिघाडच असेल असं नाही, काही चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत आणि रडारचा सिग्नल जाणवला की राउटरला ते सोडावे लागतात. राउटरमध्ये ३६ ते ४८ मधला चॅनल ठेवला की हा त्रास जातो.

दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलेलं असेल तर लॅपटॉप स्वतः निवडतो आणि बरेचदा २.४ ला चिकटून बसतो, म्हणून मी नावं वेगळी केली. आणि ५ पक्का ठरला की २.४ समोरची आपोआप कनेक्ट होण्याची टिक काढून टाका, नाहीतर लॅपटॉप झोपेतून उठला की परत तिकडेच जातो.