‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ घ्यावं की ‘द बॉइज ऑफ समर’?

गॅदरिंगला उन्हाळ्यातल्या प्रेमाचं एखादं इंग्रजी रॉक गाणं बसवायचं म्हटलं की ही दोन नावं निघतातच. दोन्ही १९८४च्या अल्बममधली, दोन्ही अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलेली. साम्य एवढंच.

ब्रायन अ‍ॅडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ हाताला सोपं. कडव्यात गिटारच्या डी आणि ए या दोन कॉर्ड, एवढ्यावर भागतं. सुरुवातीला तळहाताची कड तारांवर टेकवून डी दाबून वाजवायचा आणि पुढे हात उचलून मोकळा सोडायचा. निम्मी मजा तिथेच आहे. गोम आहे ती मधल्या तुकड्यात. तिथे एफ, बी फ्लॅट, सी असे अचानक येतात आणि नवशिके हमखास अडखळतात. गाण्यातली पोरगी तशी पाहुणी कलाकार. सगळा जीव पहिल्या गिटारमध्ये आणि फुटलेल्या बँडमध्ये. (गृहस्थांचा जन्म १९५९चा, म्हणजे त्या उन्हाळ्यात वय वर्षं नऊ. आत्मचरित्र म्हणून ऐकू नका.)

डॉन हेन्लीचं ‘द बॉइज ऑफ समर’ मात्र खरोखर पोरीबद्दलच आहे. उन्हाळा सरलाय, किनारा ओस पडलाय, ती घरी नाही हे ठाऊक असून हा तिच्या घरावरून गाडी नेतोय. प्रेमगीत म्हणून मला हेच उजवं वाटतं. चाल टॉम पेटीच्या बँडमधल्या माइक कॅम्पबेलची, ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर बांधलेली. रेकॉर्डिंग झाल्यावर हेन्लीने पट्टी बदलायला लावली आणि बिचाऱ्या कॅम्पबेलला गिटार पुन्हा वाजवावी लागली. तेव्हा तुम्हीही संकोच करू नका. ध्रुवपद चांगलंच वर चढतं. गायकाचा गळा बघून पट्टी ठरवा.

पोरांना नाचवायचं असेल, तालमीला वेळ नसेल, तर अ‍ॅडम्सच घ्या. गायक बेसूर झाला तरी समोरचे ओरडून सांभाळून घेतात. हेन्लीच्या गाण्यात ती सोय नाही, आणि कीबोर्डवाला नसेल तर ते पार पोकळ वाजतं. कीबोर्ड नाही पण गाणं हेच हवं, असं असेल तर ‘द अ‍ॅटॅरिस’ या बँडने २००३मध्ये केलेलं धावतं, गिटारवरचं रूप उचला. फक्त शब्द आधी ठरवून घ्या: हेन्लीच्या कॅडिलॅकवर ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या चाहत्यांचं स्टिकर आहे, अ‍ॅटॅरिसच्या गाडीवर ‘ब्लॅक फ्लॅग’ या पंक बँडचं.